रक्तातलं औषध उतरेपर्यंत

चेन्नईत मला कुणी विचारलं, की बाई तुम्ही करता तरी काय, तर मी चेहरा शक्य तितका गंभीर करून सांगायचे, "मी माणसांच्या रक्तात झोप किती आहे ते मोजते."

तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात हे वाक्य फार चालायचं. अत्तर लावणाऱ्या बाईचा हात माझ्या मनगटावर तसाच थांबायचा. एकदा एका बँकवाल्यांच्या सौभाग्यवतींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आमच्या ह्यांची मोजून द्याल का हो? रविवारी दुपारी उठतच नाहीत." मी म्हटलं, "ती झोप रक्तातली नाही, श्रीखंडातली आहे."

आता खरं सांगते. नुंगंबाक्कममधल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी बायोकेमिस्ट होते. नवरा बदलीवर आला म्हणून मी मिरजेहून चेन्नईला आले, आणि तो पुढे कोइमतूरला, मग हुबळीला बदलून गेला तरी मी तिथेच राहिले, कारण तोवर मला ते मशीन मिळालं होतं. बार्बिच्युरेट नावाच्या औषधांचं एक कूळ आहे. मेंदूला गप्प करणं हे त्या कुळाचं काम. त्यातलं एक फिट येणाऱ्यांना गोळीतून देतात, दुसरं बेशुद्ध करायला शिरेतून. रक्तात कमी पडलं तर फिट येते. जास्त झालं तर माणूस भर सकाळी दारू प्यायल्यासारखा चालतो. आणखी जास्त झालं तर श्वास घ्यायचं विसरतो. म्हणून मधूनमधून रक्त काढून ते आमच्याकडे मोजायला पाठवत.

मोजणाऱ्या मशीनला आम्ही 'मामी' म्हणायचो. सकाळी गरम व्हायला तास घ्यायची, गाळून न दिलेलं काही पोटात घ्यायची नाही, आणि जरा हवेचा बुडबुडा गेला की दिवसभर कुरकुर. माझी तंत्रज्ञ सेल्वी रोज कामाआधी तिला चक्क नमस्कार करायची. मामीच्या पोटात रक्तातला अर्क सोडला की आतली औषधं एकामागून एक बाहेर पडत आणि कागदावर टोकदार आकृत्या उमटत. मैलापूरला रोज गोपुर बघणाऱ्या सेल्वीनं त्यांना गोपुरं म्हणायला सुरुवात केली. जितकं उंच गोपुर, तितकं औषध जास्त.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक मृदंगवादक होते. त्यांच्या रक्तातली गोळी अकरा महिने अगदी शहाण्यासारखी वागायची आणि डिसेंबरातला मार्गळी महिना लागला, सभांमधून गाणी सुरू झाली, की तळाला. डॉक्टरांनी औषधाची कंपनी बदलून पाहिली. शेवटी मीच त्यांना बाकावर बसवून विचारलं.

"अम्मा," ते म्हणाले, "गोळी घेतली की डावा हात किंचित मागे राहतो. कुणाला कळत नाही. मला कळतं."

"आणि स्टेजवर फिट आली तर?"

"तर लोक म्हणतील, काय वाजवतोय!" आणि असे हसले, की मीही हसले.

दोन हंगाम ते तसेच वाजवत राहिले. तिसऱ्या वर्षी त्यांचा नमुना आला नाही. एका सभागृहाच्या मागच्या जिन्यावरून पडले, असं डॉक्टरांनी सांगितलं. कार्यक्रम संपल्यानंतर पडले, एवढं मात्र त्यांनी साधलं.

बघा, माझ्या धंद्यातल्या गोष्टी अशाच. सुरू विनोदानं होतात. पण मला जी सांगायची आहे ती वेगळीच. त्यात मी मोजत होते ती झोप नव्हती. एक माणूस आहे की गेला, याचं उत्तर माझ्या आकड्यासाठी अडून बसलं होतं.

त्या मुलाचं नाव रंगनाथ. घरचे रंगा म्हणायचे. मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार. मेंदूला आलेली सूज काही केल्या उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी थायोपेंटोन नावाचं बार्बिच्युरेट शिरेतून दिवसरात्र सोडलं. कल्पना अशी, की मेंदूला पूर्ण झोपवावं, त्याची भूक कमी करावी, म्हणजे सूज ओसरायला सवड मिळेल. तीही युक्ती चालली नाही. शुक्रवारी त्यांनी औषध बंद केलं. रंगा व्हेंटिलेटरवर. बुबुळं हलत नव्हती, खोकला नव्हता, स्वतःचा श्वास नव्हता.

आता इथे नीट लक्ष द्या. मेंदू कायमचा बंद झाला आहे की नाही, हे ठरवायच्या तपासण्या असतात. डोळ्यांत उजेड टाकायचा, घशात नळी हलवायची, व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का बघायचं. काही तासांच्या अंतरानं हे दोनदा करायचं. पण रक्तात थायोपेंटोन भरपूर असेल तर जिवंत, धडधाकट मेंदूसुद्धा अगदी तसाच गप्प पडतो. मेलेला कोणता आणि औषधानं झोपवलेला कोणता, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. म्हणून आधी औषध एका ठरलेल्या रेषेखाली उतरायला हवं. मगच तपासण्या. तोवर कुणी काही बोलायचं नाही.

त्या रुग्णालयात हे मोजायची सोय नव्हती. तेव्हा रीत अशी, की नातेवाइकांनीच नमुना रिक्षात घालून प्रयोगशाळेत न्यायचा. शनिवारी सकाळी आमच्या काउंटरवर एक बाई आल्या. नऊवारी, पण नेसण्याची धाटणी आपल्याकडची नव्हे. हातात स्टीलचा जेवणाचा डबा. झाकण उघडलं तर आत बर्फ आणि बर्फात रक्ताची नळी. त्यांच्या मागे उंच, ताठ, कपाळावर माध्व वैष्णवांची काळी अक्षत-रेघ आणि मुद्रा लावलेले एक गृहस्थ.

सेल्वीनं तमिळमध्ये नाव विचारलं. बाईंनी उत्तर दिलं आणि मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "भावजी, बस्सा तुम्ही. मी उभीं आहें."

माझ्या हातातली पिचकारीच थांबली. तंजावरचं मराठी! तीन शतकांपूर्वी भोसल्यांबरोबर दक्षिणेत उतरलेली ही मंडळी. 'म्हण'मधला 'ह' त्यांनी कधीच कावेरीत सोडून दिलेला आणि बोलणं तमिळच्या चालीवर. मी काचेआडून बाहेर आले आणि म्हटलं, "मी मिरजेची."

"अय्यो, मराठीच की हो तुम्ही!" गृहस्थ म्हणाले. "मी सेतुराव. फिजिक्सचा मास्तर होतों, रिटायर झालों. ही अंबुबाई, माज्या धाकट्या भावाची बायको. भाऊ नाहीं. रंगा हिचा एकटाच."

अंबुबाईंनी मिरजेची काही चौकशी केली नाही. "हे मोजल्यावर काय कळतें?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, रेषेसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसला.

"मणजे औषध अंगांत आहे तोवर तो गेला मणून कोणी बोलणार नाहीं."

"नाही."

"मग असूं दे औषध," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर मला लोक विचारत आले, आकडा बरा आहे ना? चढला तर वाईट, उतरला तर बरा, किंवा उलटं. या बाईचं गणित पहिल्यांदाच पाहिलं. तिला आकडा उंच हवा होता. उंच होता तोवर तिचा मुलगा कुणाच्याही कागदावर मेलेला नव्हता. त्या शनिवारी आकडा खूपच उंच आला. मी सांगितला, तेव्हा बाकावर बसलेल्या मधुमेहाच्या एका आजोबांनी अंबुबाईंचा चेहरा पाहून, बातमी चांगली आहे असं समजून, मान डोलावली.

सेतुराव सारांचं (तिकडे 'सर'चं 'सार' होतं) गणित मात्र दुसरंच होतं. रविवारचा आकडा कळल्यावर त्यांनी 'हिंदू' पेपरच्या मागच्या पानाच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलनं दोन आस काढले. आडवा दिवसांचा, उभा औषधाचा. शनिवारचा ठिपका, रविवारचा ठिपका, आणि त्यातून पुढे घरंगळत जाणारी सुरेख वक्ररेषा. मला फार आवडलं ते. किरणोत्सर्गी पदार्थ कसे निम्मे निम्मे होत जातात, हे ज्यानं पोरांना जन्मभर शिकवलं त्याचा हात होता तो. मग त्यांनी मंगळवारच्या दुपारवर पट्टीनं मारल्यासारखी एक सरळ उभी रेघ ओढली.

"ही कसली, सार?"

त्यांनी अंबुबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी रिक्षावाल्याशी बोलत होत्या. मग सार हळू आवाजात म्हणाले, "चंद्र कुंभेत जातो. पंचक लागतें."

पंचक वाचकांना माहीत आहे. त्या पाच दिवसांत माणूस गेला तर घरातले आणखी पाच ओढून नेतो, अशी समजूत. आपल्याकडे दर्भाचे पुतळे करून सोबत जाळतात. तंजावरकडे त्याहून कडक.

"मी फिजिक्सचा माणूस आहें, अम्मा," ते म्हणाले. "मला हंसा तुम्ही. पण माज्या घरांत मुलीचीं दोन पोरें आहेत. धाकटी चालायला लागली आत्तां."

मी हसले नाही. हसू यायला हवं होतं. एका बाजूला अर्धायुष्याची वक्ररेषा, दुसऱ्या बाजूला चंद्राची उभी रेघ, आणि दोन्ही एकाच पेन्सिलनं काढलेल्या.

"मी माझ्या हातानं आकडा खाली आणू शकत नाही, सार."

"तें मी मागत नाहीं," ते दुखावले. "माज्या ग्राफाप्रमाणें मंगळवारी सकाळी तो आपणच उतरतो. तुम्ही फक्त रिपोर्टाला उशीर नका करूं."

ग्राफ सुंदर होता आणि चुकीचा होता. थायोपेंटोन दिवसेंदिवस शिरेतून दिलं की ते चरबीत जाऊन दडी मारून बसतं आणि मग सवडीनं रक्तात परत येत राहतं. यकृत थकतं. वर ते यकृतात मोडताना त्यातून दुसरं एक बार्बिच्युरेट तयार होतं. आमच्या कागदावर मोठं गोपुर खाली येताना शेजारचं धाकटं गोपुर वाढत होतं. तेही उतरायला हवं. मी सारांना हे सांगितलं. त्यांनी वही तपासणाऱ्या मास्तरासारखं ऐकलं आणि म्हणाले, "बघूं."

सोमवारचा आकडा रेषेच्या पुष्कळ वर. अंबुबाई काउंटरवर म्हणाल्या, "बरें." सारांनी ठिपका मांडला, तो वक्ररेषेच्या वर पडला.

मंगळवारी सकाळी डबा आला. मी अर्क काढला, मामीच्या पोटात सोडला, आणि गोपुरंच नाहीशी झाली. दोन बुटकी टेकाडं. आकडा रेषेच्या खाली. काचेबाहेर सेतुराव सार माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. त्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. चेहऱ्यावर समाधान होतं आणि त्या समाधानाची लाजही होती. असा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

रुग्णालयाला फोन लावायला मी हात उचलला. सेल्वी रिकामी नळी टाकायला निघाली होती. तिच्या बोटांत टोपण होतं. पिवळं.

"सेल्वी, थांब. लाल टोपणाची का नाही?"

"वॉर्डात संपल्या असतील, मॅडम."

आता हे बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. पिवळ्या टोपणाच्या नळीच्या तळाशी एक जेल असतो. रक्तातल्या पेशी खाली आणि द्रव वर, असा पडदा तो धरतो. साखर, मीठ, चरबी मोजायला फार सोयीचा. पण हा जेल काही औषधं पितो. रक्त थोडं असेल आणि जेलवर बराच वेळ पडून असेल, तर अगदी चवीनं पितो. म्हणून या कामाला आम्ही साधी, लाल टोपणाचीच नळी मागायचो. ही नळी पहाटेपासून वॉर्डात पडून होती, आणि रक्त तर जेमतेम बोटभर. म्हणजे औषध रंगाच्या अंगातून उतरलं होतं, की जेलनं प्यायलं होतं, मला सांगता येत नव्हतं.

मी बाहेर गेले आणि म्हटलं, दुसरा नमुना लागेल, साध्या नळीत.

सार काउंटरवर दोन्ही हात टेकून वाकले. "आकडा आला नाहीं का?"

"आला. पण तो खरा नाही, असं मला वाटतं."

"वाटतें? अम्मा, वाटतें मणून दुपार घालवणार तुम्ही?"

"सार, या आकड्यावर ते त्याचा श्वास काढून बघतील. औषध अंगात असेल तर जिवंत माणूसही श्वास घेणार नाही."

मास्तर माणूस, मुद्दा कळायला क्षण लागला नाही. कळल्याचंच दुःख झालं त्यांना. मागून अंबुबाई शांतपणे म्हणाल्या, "डबा द्या. मी दुसरें घेऊन येतें." आणि बर्फ नवा भरून रिक्षात बसल्या.

दुसऱ्या नमुन्यात दोन्ही गोपुरं खणखणीत उभी होती. रेषेच्या वर. दुपार झाली, चंद्र कुंभेत गेला. सारांनी पेपर घडी करून काखेत मारला आणि निघून गेले.

मंडळात मी हा किस्सा सांगते तेव्हा इथे सगळे पुढे सरकतात. त्यांना वाटतं, आता रंगा डोळे उघडणार. बाईंनी पिवळं टोपण ओळखलं आणि पोरगा वाचला! मलाही सांगायला आवडलं असतं. या ठिकाणी काय टाळ्या पडल्या असत्या! पण रंगानं डोळे उघडले नाहीत. बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी सार एकटे आधी आले. दाढी वाढलेली. डबा घेऊन अंबुबाई मागून येत आहेत, म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"एक विचारतों. आज उतरलें असलें, तर रिपोर्ट रविवारी देतां येईल का? रविवारी पंचक सुटतें."

दोन दिवसांपूर्वी ज्या माणसानं मला उशीर करू नका म्हटलं होतं, तोच आता उशीर मागत होता.

"मशीन बिघडलें मणून सांगा," ते म्हणाले. "सगळीं मशीनें बिघडतात की."

"कोणाचें मशीन, भावजी?"

अंबुबाई दारात होत्या. डबा त्यांनी काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही, पण बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

"अंबू, पोरांसाठीं मणालों मी. माज्यासाठीं नाहीं."

"तो जन्मला तेव्हां पण तुम्ही पंचांग घेऊन बसलां होतां. मूळ नक्षत्र मणून त्याच्या बापाला तोंड बघूं दिलें नाहीं. मी बाळंतीण, आंत पडून ऐकत होतें." त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "हात सुजलेत त्याचे, भावजी. बोटांतली आंगठी कापून काढली काल. माजा रंगा तसा दिसत नाहीं. शनिवारीं दिसत होता. सोमवारीं पण थोडा दिसला. आत्तां नाहीं."



"काय येईल तें येऊं दे," त्या मला म्हणाल्या. "मोजा तुम्ही."

नळी लाल टोपणाची होती. मी टोपण पाहिलं, नाव पाहिलं, पुन्हा टोपण पाहिलं. मामीनं त्या दिवशी एकदाही कुरकुर केली नाही. कागदावर दोन टेकाडं उमटली, दोन्ही रेषेच्या पार खाली. सेल्वीला मी दुसऱ्यांदा करायला लावलं. तेच.

बाहेर आले. दोघंही उठली नाहीत.

"उतरलं," मी म्हटलं.

अंबुबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आत्तां तुम्ही त्यांना फोन करणार."

"हो. आमची तशी पद्धत आहे."

"आणि ते लगेच सुरू करणार."

"डॉक्टर तयारच असतील."

"मग मी पोचल्यावर करा," त्या म्हणाल्या. "त्याचा श्वास काढून बघतील तेव्हां मी तेथें नसलें, असें नक्को. मी हात धरीन, मग बघूं देत."

सार उठले, रिक्षा बोलवायला बाहेर धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. अंबुबाईंनी रिकामा डबा मात्र आठवणीनं उचलला.

ती दोघं गेली आणि फोन वाजला. रुग्णालयातले डॉक्टर. "मॅडम, आमचा नमुना झाला का?"

मी आयुष्यात नाटकं पुष्कळ केली आहेत, गणेशोत्सवात दोनदा बक्षीसही मिळवलं आहे, पण त्या सकाळइतकं चोख काम कधी वठलं नाही. "अहो, काय सांगू डॉक्टर," मी म्हटलं, "हवेचा बुडबुडा गेलाय. आमचं मशीन म्हणजे अगदी सासू! बसलंय रुसून. थोडा धीर धरा." सेल्वी माझ्याकडे बघत होती. मागे मामी निमूट चालू होती आणि तिच्याशेजारी ट्रेमध्ये तो कागद पालथा पडलेला. रुग्णालयाच्या वाटेवरच्या एग्मोरच्या पुलावर तेव्हा कायम गर्दी असायची. मी मनातल्या मनात एकेक सिग्नल पार करत होते. डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. मी पुन्हा बुडबुड्याचं पुराण लावलं, या वेळी थोडं अधिक रंगवून.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पलीकडे रस्त्याचा आवाज होता. सार्वजनिक फोन. मग कुणीतरी घसा खाकरला.

"अम्मा, सेतुराव बोलतों. अंबू आंत गेली. त्याच्याजवळ बसलीय."

सारांच्या घरातली दोन पोरं माझ्याही डोळ्यांपुढे आली, चालायला लागलेली धाकटी आणि दुसरं. रविवार अजून लांब होता.

"सार, तुम्ही सांगाल तसं," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, ते माझ्या हातात नव्हतंच. पण बोलले खरी.

पलीकडे बसचा हॉर्न वाजला, लांबला, संपला.

"आत्तां करा त्यांना फोन," सेतुराव सार म्हणाले.